बँडवर कुणी त्रास देतंय? नव्या हॅमने आधी काय करायचं, मग काय

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, परवाना हातात आला त्या वर्षी मी एका माणसावर चार महिने मनातल्या मनात दात धरून होतो. रोज संध्याकाळी सात-सव्वासातला ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे आम्हाला दिलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा) बसलो की ठरावीक अंतराने एकेक गुरगुर उभी राहायची. सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर सातच्या खाली यायला तयार नसायचा. अकराच्या सुमारास सगळं आपोआप बंद. वेळ इतकी पक्की, की हे माणसाचंच काम अशी माझी खात्री झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका जुन्या हॅमशी त्याआधी माझं जरा वाजलं होतं, त्यामुळे आरोपीही तयार होता.

एका रात्री वीज गेली. सेट बॅटरीवर होता. बँड एकदम असा शांत झाला की कोलकात्याचा एक बारीक आवाज स्वच्छ ऐकू आला. वीज आली, गुरगुर परत. मग उठून एकेक एमसीबी पाडत गेलो. देवघराच्या खोलीचा पाडला आणि आवाज मेला. आई दिवेलागणीला लावायची आणि झोपताना बंद करायची ती एलईडीची माळ! तिच्या अडॅप्टरची किंमत नव्वद रुपये.

सोलापुरात आता नवी मुलं परीक्षा देऊन बँडवर येतायत. त्यांचे मला येणारे निम्मे फोन ‘काका, कोणीतरी मुद्दाम करतंय’ असेच असतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांचा प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांतच सुटतो.

पहिली पायरी: घर तपासा

सेट बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडा. आवाज गेला तर दोष घरात आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेक वेळा सापडतात ते स्वस्त अडॅप्टर, एलईडी बल्ब, लॅपटॉपचा चार्जर, इन्व्हर्टर, सोलर पॅनेलचा कंट्रोलर. अशा स्विचिंग सप्लायचा आवाज ओळखता येतो. तो बँडभर काही दहा किलोहर्ट्झच्या अंतराने पुन्हा पुन्हा भेटतो आणि हळूहळू सरकत राहतो. माणूस असा सरकत नाही.

मेन पाडूनही आवाज राहिला तर बाहेर बघा. बॅटरीवरचा एखादा जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घ्या, दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि गल्लीत चालत फिरा. आवाज वाढत जाईल तिकडे जायचं. खांबावरचा ढिला तार-जोड किंवा धूळ बसलेला इन्सुलेटर असेल तर एक जाड, एकसुरी खरखर येते. आपल्याकडे मे महिन्यात ही खरखर जोरात असते आणि पहिला चांगला पाऊस पडला की बऱ्याचदा गायब होते. पावसात गेली म्हणजे ती बहुधा खांबाचीच, असं धरा. खांबाचा नंबर लिहून घ्या आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. खांबाला काठीने ठोकून बघायचं नाही. हे लिहावं लागतंय, कारण एकाने ठोकलं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे सगळा दोष यंत्रमागांवर टाकतात. मागाची साधी इंडक्शन मोटर रेडिओला फारशी छळत नाही. छळते ती नव्या मशीनवरची वेग बदलणारी ड्राइव्ह, किंवा ठिणग्या टाकणारा जुना स्टार्टर. कारखानदाराकडे जाताना ‘तुमच्या मागामुळे’ अशी सुरुवात केलीत तर दार बंद होईल. ‘मालक, तुमच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडतेय असं वाटतं, एकदा बघून घ्या, आग लागायला नको’ असं म्हणा. खरंही आहे आणि ऐकूनही घेतलं जातं.

दुसरी पायरी: स्वतःचा सेट तपासा

इथे नव्या माणसाचा अहंकार दुखावतो, म्हणून सगळे ही पायरी गाळतात.

स्वस्त चिनी हँडसेटचा रिसीव्हर उघड्या दारासारखा असतो. गच्चीवर मोठी अँटेना लावली की जवळच्या एखाद्या जोरकस ट्रान्समीटरने तो भरून जातो आणि भलत्याच जागी भलतेच आवाज ऐकू येतात. ते तिथे नसतातच, तुमच्या सेटच्या पोटात तयार होतात. परीक्षा सोपी आहे. अँटेनेच्या वाटेत सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर घाला, नाहीतर छोटी रबरी अँटेना लावा. हवा तो सिग्नल थोडा कमी झाला आणि ‘त्रास’ मात्र पार नाहीसा झाला, तर दोष तुमच्याकडे.

प्रक्षेपणाचंही तेच. माईक गेन (माईकचा जोर) वाढवून, वर बाहेरचा ॲम्प्लिफायर लावून बोललात तर एसएसबीचा (४० मीटरवर बोलायची नेहमीची पद्धत) तीन किलोहर्ट्झच्या आतला आवाज दहा किलोहर्ट्झ पसरतो. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या लोकांच्या लेखी जॅमर तुम्हीच. गावातल्या एका ओएमला (‘ओल्ड मॅन’, म्हणजे हॅम मित्राला) विनंती करा की पाच किलोहर्ट्झ वर आणि पाच खाली जाऊन मला ऐका. कोणी नसेल तर इंटरनेटवरचा एखादा दूरचा एसडीआर (संगणकावर चालणारा) रिसीव्हर उघडून स्वतःलाच ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून मला लाज वाटली होती.

तिसरी पायरी: अपघात आणि खोडी वेगळी करा

बँडवरचा माणसांचा बहुतेक त्रास अजाणता होतो. तो का होतो ते कळलं की राग निम्मा उतरतो.

४० मीटरवर रात्री सोलापुरातून दिल्ली छान येते. पण दिल्लीवाला ज्याच्याशी बोलतोय तो पुण्यात असेल तर कदाचित तुम्हाला अजिबात ऐकू येणार नाही, कारण पुणे तुमच्या स्किप झोनमध्ये पडतं, म्हणजे जवळच्या ज्या पट्ट्यात वरून परतणारा सिग्नल उतरतच नाही तिथे. दिल्लीवाला ऐकत गप्प बसलाय, तुम्हाला फ्रिक्वेन्सी रिकामी वाटते, तुम्ही सीक्यू मारता (‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक) आणि पुणेकराच्या डोक्यावर जाऊन पडता. म्हणून नियम असा: आधी मिनिटभर ऐका. मग ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असं कॉलसाइनसकट (परवान्यावरच्या तुमच्या ओळखचिन्हासकट) विचारा. थांबा. पुन्हा एकदा विचारा. मोर्सवर असाल तर क्यूआरएल आणि प्रश्नचिन्ह. उलट, तुमच्यावर कोणी येऊन पडला तर त्याला तुम्ही ऐकूच येत नसाल, हे आधी गृहीत धरा.

७.०७४ मेगाहर्ट्झवर सतत शिट्ट्या वाजतात. दर पंधरा सेकंदांनी बदलतात. तो जॅमर नाही, ते एफटी-८ आहे, संगणक संगणकाशी बोलतायत. तिथे जाऊन व्हॉइसमध्ये भांडलात तर ऐकायला कोणीच नसतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी बँड गच्च भरलेला दिसला तर ती सीक्यू वर्ल्डवाइड व्हॉइस स्पर्धा. दोन दिवस गप्प ऐका, नाहीतर तुमच्या परवान्यात असेल तर ३०, १७ किंवा १२ मीटरवर जा, तिथे स्पर्धा घेत नाहीत. दूरच्या एखाद्या बेटावरचं स्टेशन ‘लिसनिंग अप फाइव्ह’ (मी पाच किलोहर्ट्झ वर ऐकतोय) म्हणत असेल तर त्याच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर हाका मारू नका. तिथे त्याला तुम्ही ऐकू येत नाही. आणि तुमच्यावर ‘अप, अप’ म्हणून ओरडणारे दहा जण त्याचा आवाज तुमच्याहून जास्त बुडवतात. हे स्वयंघोषित पोलीस मला मूळ चुकणाऱ्यापेक्षा जास्त खटकतात.

दोन मीटरच्या (१४४ मेगाहर्ट्झच्या) एफएमचा स्वभाव वेगळा. तिथे दोघे एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. दोन्ही सारखे असतील तर नुसती किंकाळी येते. गिळला गेलेला माणूस बिचारा आपण बोललो या समाधानात असतो. त्यामुळे प्रत्येक ओव्हरनंतर (एका पाळीच्या बोलण्यानंतर) दोन सेकंद जागा सोडा. रिपीटरवर (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर) तर सोडाच सोडा, कोणाला तातडीने ब्रेक मारायचा असेल तर ती फट हवी.

अडकलेल्या पीटीटीचा, म्हणजे बोलायच्या बटणाचा, एक किस्सा. एका रविवारी सकाळी आमच्या लोकल फ्रिक्वेन्सीवर अचानक कॅरियर (बोलण्याशिवायचा नुसता सिग्नल) उभा राहिला. कोणी बोलेना. मग एक कुकरची शिट्टी. मग मालिकेचं संगीत. मग कोणीतरी, ‘अगं, शेंगाची चटणी कुठं ठेवलीस?’ दहा मिनिटांत तिघांनी ‘जॅमर, जॅमर’ करून गोंधळ घातला, एकाने तर बाकीच्यांना शिव्या दिल्या. चटणी शोधणारा आवाज मी ओळखला. फोन केला. ‘अण्णा, तुमचा हँडसेट कुठाय?’ सोफ्यावर, उशीखाली, बटण दाबलेलं. अण्णा नंतर महिनाभर बँडवर आलेच नाहीत. ते बटणामुळे नाही, शिव्यांमुळे.

चौथी पायरी: वर्तनाचं भांडण बँडबाहेर मिटवा

कोणी ट्यूनिंग करताना दुसऱ्याच्या क्यूएसओवर (संभाषणावर) कॅरियर सोडतो (त्यासाठी अँटेनेच्या जागी लावायचा डमी लोड असतो), कोणी पाच-पाच मिनिटांचे ओव्हर टाकतो, कोणी मधेच घुसतो. कोणी सेट विकायची जाहिरात करतो, कोणी निवडणुकीवर बोलतो, कोणी गाणी लावतो. शेवटच्या तिन्ही गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीत. हौशी सेवेच्या १९७८ च्या नियमांनुसार इथे बोलायचं ते तांत्रिक प्रयोगांबद्दल आणि वैयक्तिक स्वरूपाचं. धंदा, जाहिरात, राजकीय वाद, संगीत यांना जागा नाही.

भाषेवरूनही कुरबुरी होतात. सोलापुरात दोन मित्र तेलुगूत सुरू होतात, तिसरा कन्नडमध्ये उत्तर देतो, हिंदी-उर्दू तर असतेच. साधी, उघड भाषा असेल तर त्यात गैर काही नाही. पण चौथा माणूस ब्रेक मारून आला आणि त्याला ती भाषा येत नसेल तर त्याच्यापुरतं मराठी-हिंदीवर या. आणि आपलं सोलापुरी ‘बे’ गावातच ठेवा. नागपूरकराला ते चालेल, साताऱ्याच्या वयस्कर ओएमला मी ते ऐकवणार नाही.

चूक सांगायची कशी, हे नेमकं सांगतो. फोन करायचा, बँडवर नाही, ग्रुपवर तर नाहीच. मोठ्या माणसाला असं:

‘काका, नमस्कार. काल संध्याकाळी सात-दहाला तुम्ही ७.०९० वर होतात ना? मी ७.०९६ वर होतो, तिथे तुमचा आवाज जरा फाटून येत होता. माझ्या सेटचाही दोष असेल. आज पाच मिनिटं तपासू या का? तुम्ही माईक गेन थोडा कमी करा, मी ऐकून सांगतो.’

यात वेळ आहे, फ्रिक्वेन्सी आहे, काय ऐकलं ते आहे, स्वतःवरचा संशय आहे आणि पुढचं काम आहे. ‘तुम्ही स्प्लॅटर करता’ (आवाज शेजारी पसरवता) एवढंच म्हटलं असतं तर काकांना फक्त आरोप ऐकू आला असता. काका ‘चाळीस वर्षं झाली मला’ म्हणाले तरी वाद घालू नका. दोन दिवसांनी गेन कमी झालेला आढळतो. माझ्या अनुभवात चाळीस वर्षंवाले तोंडावर कबूल करत नाहीत, पण नॉब फिरवतात.

कोणती फ्रिक्वेन्सी कोणाची, हे भांडण कायमचं. उत्तर एका ओळीत: कोणाची नाही. रोज सकाळी तिथे भरणारं नेटही (ठरल्या वेळची हॅमची बैठक) मालक नाही. पण वर्षानुवर्षं लोक ठरल्या वेळी जमत असतील तर दोन मिनिटं आधी तीन किलोहर्ट्झ सरकण्यात तुमचं काय जातं? आणि नेटवाल्यांनी, तिथे आधीच कोणी बोलत असेल तर त्याला हाकलायचं नाही, स्वतः सरकायचं.

याला अपवाद एकच, आपत्ती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा तिथून निरोप बाहेर काढण्यात हौशी रेडिओवाल्यांचा हात होता. आपत्तीची वाहतूक चालू आहे असं कळलं की ती फ्रिक्वेन्सी सोडायची, किंवा मूकपणे ऐकायचं. ‘माझी काही मदत?’ असं दर मिनिटाला विचारणारा माणूस मदत करत नसतो. नेट कंट्रोलने (नेट चालवणाऱ्याने) हाक मारली तर बोलायचं.

शेजाऱ्याची तक्रार आली तर

आता उलट बाजू. गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या स्पीकरमधून आरतीच्या मधेच बदकाचा आवाज यायला लागला. मी २० मीटरवर होतो. एसएसबीचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये शिरला की असाच बदकासारखा येतो. स्पीकरच्या आणि माईकच्या लांब वायरी अँटेनेचं काम करतात. पोरं गच्चीवर आली तेव्हा मी ‘माझ्याकडे सरकारी परवाना आहे’ असं म्हणालो नाही. खरं तर ते वाक्य जिभेवर आलं होतं. आरतीच्या वेळा लिहून घेतल्या, तेवढा वेळ सेट बंद ठेवला, दुसऱ्या दिवशी त्यांच्या माईकच्या वायरीवर दोन फेराइट (रेडिओचा सिग्नल अडवणारे तुकडे) चिकटवून दिले आणि माझ्या कोॲक्सचे (अँटेनेच्या केबलचे) टोरॉइडवर, म्हणजे फेराइटच्या कड्यावर, दहा वेढे घेतले. पॉवर निम्मी केली. गरजेपुरतीच पॉवर वापरायची हा तसाही नियम आहे आणि निम्म्या पॉवरने समोरच्याकडे जेमतेम अर्धा एस-युनिट कमी होतो.

पाचवी पायरी: खरोखर मुद्दाम असेल तर

कधीकधी असतंही. तुम्ही बोलायला लागलात की कॅरियर, थांबलात की बंद. तुमचंच बोलणं रेकॉर्ड करून परत वाजवणं. शिवीगाळ. इथे एक गोष्ट गाठीशी बांधा: त्याला बँडवर उत्तर द्यायचं नाही. एक शब्दही नाही. ‘कोण आहे रे तो’ एवढंही नाही. त्याला तेच हवं असतं.

वही काढा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, एस-मीटर, किती वेळ, काय ऐकलं. वेळ यूटीसीमध्येही लिहा, आपल्यातून साडेपाच तास वजा: संध्याकाळी ७:१० म्हणजे १३:४०. फोनवर रेकॉर्डिंग ठेवा. आणखी दोघांना स्वतंत्रपणे हेच लिहायला सांगा, एकमेकांची वही न बघता. आठवड्याने जुळवा. मला स्वतःला या जुळवणीत दोनदा कळलं की ‘रोज’ म्हणजे प्रत्यक्षात तीन दिवस होतं.

दोन मीटरवर दिशाही काढता येते. हँडसेट छातीशी धरा आणि स्वतःभोवती हळू फिरा. सिग्नल सगळ्यात कमी होईल तेव्हा ट्रान्समीटर तुमच्या पाठीमागे. याहून नेमकं हवं तर स्टीलच्या मापाच्या टेपचे तुकडे पीव्हीसी पाइपवर लावून तीन एलिमेंटची यागी (एका दिशेने ऐकणारी अँटेना) करा, एका संध्याकाळचं काम आहे. होम मैदानासारखी मोकळी जागा घ्या, दोन इमारतींच्या मधे सिग्नल आपटून खोटी दिशा दाखवतो. दुसरी दिशा लांबून, समजा जुळे सोलापुरातून, घ्या. नकाशावर दोन रेघा ओढा. रेघा जिथे मिळतील तिथे जाऊन दार वाजवायचं नाही. गल्लीपर्यंत पुरे. रात्री दोन तरुण यागी घेऊन कोणाच्या घरासमोर उभे, हे दृश्य आपल्या गावात कसं दिसेल याचा विचार करा.

आणि कॉलसाइन ऐकू आला म्हणजे माणूस सापडला असं समजू नका. दुसऱ्याचा कॉलसाइन वापरून घाण करणारे असतात. एका निवृत्त शिक्षकांचा कॉलसाइन असा वापरला गेला होता. ते तेव्हा मुलीकडे परगावी होते, सेट कपाटात. तोवर ग्रुपवर त्यांच्या नावाने रेकॉर्डिंग फिरून झालं होतं. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका, याचं मला याहून मोठं कारण सांगता येत नाही.

तक्रार कोणाकडे? परवाना देणारी दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा, आणि हवेवर कान ठेवणारी त्याच विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन. ही संस्था १९५२ पासून काम करते आणि देशभर तिची केंद्रं आहेत. अर्जात विशेषणं नकोत, वहीतला तक्ता हवा. जिवाला धोका किंवा धमकी असेल तर मात्र सरळ पोलीस. परवाना नसलेले परदेशी आवाज ४० मीटरवर घुसत असतील तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेची घुसखोरांवर नजर ठेवणारी यंत्रणा आहे. भारतातली तिची सदस्य संस्था ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, तिच्यामार्फत कळवा.

अर्ज टाकण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. पहिलं, तुमचा परवाना चालू आहे का, लॉग नीट आहे का, सेट परवान्यातल्या मर्यादेत आहे का. तपासणीला आलेला माणूस तुमच्याही टेबलाकडे बघतो. दुसरं, तुमचा त्या बँडवर हक्क किती. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ मुळात हौशी सेवेचा, तिथे ठामपणे बोला. ४३४ ते ४३८ मध्ये आपला दर्जा दुय्यम, तिथल्या मुख्य वापरकर्त्याबद्दल तक्रार करता येत नाही, आपणच बाजूला व्हायचं.

उत्तर यायला वेळ लागतो. तोवर नेट चालू राहायला हवं, म्हणून आम्ही एक साधी सोय केली आहे. दर महिन्याच्या प्रत्यक्ष भेटीत दोन पर्यायी फ्रिक्वेन्सी आणि त्यांचा क्रम ठरवतो, चिठ्ठीवर लिहून देतो. त्रास सुरू झाला की नेट कंट्रोल ‘दोन मिनिटं थांबू’ एवढंच म्हणतो. कारण सांगत नाही, नवा आकडा उच्चारत नाही. दोन मिनिटांनी सगळे चिठ्ठीवरच्या पहिल्या जागी भेटतात आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथून पुढे बोलतात.